काळ्या पट्ट्या

कॉम्प्युटर व्हिडिओ एन्कोड करत असला, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलत असला, की त्याला हात लावू नये, अशी माझी समजूत आहे. वीस वर्षांपूर्वी ती समजूत नव्हती, नाइलाज होता. नुसता माऊस हलवला तरी यंत्राला धाप लागायची, आणि त्यात लोडशेडिंगची वेळ जवळ आली की आमचा जीव टांगणीला. आताच्या मशीनला दोन तासांचा व्हिडिओ म्हणजे किरकोळ काम. तरी परवा दुपारी मी हात मांडीवर ठेवून, हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघत बसले होते. मुलगी डोकावली. "आई, काय करतेयस?" "डीव्हीडी." ती पुढे काहीच बोलली नाही. वयस्कर माणसाला दुखवू नये म्हणून जी शांतता पाळतात ती पाळून निघून गेली.

डीव्हीडी मावशीसाठी होती. मावशीच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मावसभावाने अमेरिकेहून येऊन भिंतभर टीव्ही लावून दिला आहे. त्या टीव्हीवर जगातलं सगळं दिसतं म्हणे, पण तो आधी फार प्रश्न विचारतो. कोण बघतंय, पासवर्ड काय, अपडेट आत्ता करू की रात्री. मावशीला प्रश्न विचारणारी उपकरणं आवडत नाहीत. तिचा विश्वास डीव्हीडी प्लेअरवर. बटण दाबलं की ताट बाहेर येतं, चकती ठेवायची, ताट आत जातं. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना मागे खोचलेल्या आहेत आणि त्या कोणी काढू नयेत म्हणून वर चिकटपट्टी.

तर काकांची साठीशांत, १९९४, व्हीएचएस कॅसेट. ती कधीतरी कोणीतरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि इतकी वर्षं ती फाइल आमच्या घरात या हार्ड डिस्कवरून त्या हार्ड डिस्कवर बिऱ्हाड हलवत होती. मावशी म्हणाली, "मला ती चकतीत घालून दे." घालून देणं म्हणजे काय हे तिला ठाऊक असण्याचं कारण नाही. पुष्कळांना वाटतं फाइल उचलायची आणि चकतीत ठेवायची. तशी ठेवता येते, अगदी बिनबोभाट जाते. प्लेअरमध्ये घातली की तो थोडा वेळ गरगरतो आणि 'नो डिस्क' म्हणतो. चकती आत असताना.

त्याचंही बरोबर आहे. १९९६ मध्ये ही यंत्रं बाजारात आली तेव्हा त्यांना जे नियम शिकवले त्यापलीकडे जुनी यंत्रं जात नाहीत. चित्र एमपेग-२ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका ठरावीक पद्धतीत, हवं (फार तर त्याआधीच्या एमपेग-१ मध्ये). आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्झवर; सीडीचा ४४.१ चालायचा नाही. आणि हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरात, एकेक तुकडा एक जीबीच्या आत. शिवाय कुठे काय आहे सांगणाऱ्या छोट्या फाइली, आणि त्या खराब झाल्या तर म्हणून त्यांच्याच नकला. शेजारी 'ऑडिओ_टीएस' नावाचा आणखी एक फोल्डर असतो. तो रिकामा. कायम रिकामा, तरी सॉफ्टवेअर तो इमानेइतबारे बनवतं. एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामला 'पाल-डीव्हीडी' एवढं सांगितलं की बाकीचे आकडे तो स्वतः भरतो, फोल्डरांची रचना डीव्हीडीस्टायलर नावाचा दुसरा प्रोग्राम करून देतो. पण तो रिकामा फोल्डर पाहिला की मला श्राद्धाच्या दिवशी वाढून ठेवलेलं एक पान आठवतं. येईल कोणी, न येईल.

कोऱ्या डिस्क आणायला तपकीर गल्लीत गेले होते. एके काळी तिथे पन्नास-पन्नासच्या चळती दुकानाबाहेर मांडलेल्या असत. आता दुकानदाराने माळ्यावरून एक चळत काढली, फडक्याने पुसली, आणि जुन्या सवयीने विचारलं, "ताई, प्लस की मायनस?" मला भरून आलं. डीव्हीडी प्लस आर आणि डीव्हीडी मायनस आर यांच्यात कोणता प्लेअर कोणाला स्वीकारेल यावरून मी माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. मी "मायनस" म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका, मी मायनसवालीच.

खरी पंचाईत मापाची. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर त्यालाच ४.३८ म्हणतो, आणि बऱ्या चित्राचे त्यात दोन तास बसतात. सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास. कॅसेट तीन तासांची. तीन तासही कोंबता येतात, पण मग चेहऱ्यांवर चौकोन-चौकोन उमटतात आणि माणसं हलली की त्यांच्यामागे धूर निघतो. म्हणजे कात्री आली. सुरुवातीचं कमळ गेलं. त्या काळच्या शूटिंगवाल्यांना कमळाचं फार. पाकळ्या उघडायच्या आणि आत काकांचा चेहरा गोल फिरायचा, मागे सनई. होमहवनाचा बराच भाग गेला. ज्या भाषणात काकांचा उल्लेख शेवटून दुसऱ्या वाक्यात येतो ते भाषण तर मी आनंदाने कापलं. पंगत मात्र कापता येईना. शूटिंगवाल्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॅमेरा नेला आहे, डोळ्यांत प्रखर दिवा मारत, आणि प्रत्येकजण घास तसाच धरून हसतो. कार्यक्रमात व्यासपीठावर चारच माणसं दिसतात, पंगतीत सगळे. मधून मावशी तुपाचं भांडं घेऊन जाते आणि काकांच्या पानाशी थांबून त्यांनी हात आडवा केला तरी वाढते. लॉ कॉलेज रोडवर सिनेमे जपून ठेवणारं सरकारी संग्रहालय १९६४ पासून आहे. अशा पंगती जपणारं कुठे असेल असं वाटत नाही.

आणि मग तो प्रश्न आला ज्यावर माझं घरात कोणाशीच पटत नाही. ४:३ की १६:९? म्हणजे चित्राची रुंदी-उंची जुन्या टीव्हीसारखी की आताच्या रुंद टीव्हीसारखी?

७२० बाय ५७६ हा आकार गंमतीचा आहे. तो ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. चकतीवर फ्रेम तेवढीच असते, सोबत फक्त एक निशाणी असते: ही उभट धर किंवा ही पसरट धर. त्या निशाणीप्रमाणे दाखवणारा तीच फ्रेम कमी-जास्त ताणतो. १९९४ ची कॅसेट म्हणजे ४:३. रुंद टीव्हीवर ती नीट दाखवली तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, आणि नेमक्या त्याच लोकांना खुपतात. "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि पाव भाग काळा?" असं म्हणून घरोघरी रिमोटवरचं बटण दाबून चित्र कडेपर्यंत ताणलेलं असतं. पडद्याचे पूर्ण पैसे दिलेत ना! मग वृत्तनिवेदिकेचे खांदे दारात मावणार नाहीत असे होतात, चंद्र लंबगोल उगवतो, आणि कोणालाही त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. दुसऱ्यांच्या घरी गेले की चहा येईपर्यंत मी रिमोट शोधते. नवरा म्हणतो, लोक आपल्याला बोलावत नाहीत त्याचं हेच कारण.

लहानपणी मात्र मी असला काही हट्ट केल्याचं आठवत नाही. गणपतीत आमच्या पेठेत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढची बाजू आरतीआधीच सतरंज्या टाकून अडवलेली असायची, म्हणून आम्ही मागच्या बाजूला. मागून सिनेमा पुरता दिसतो, फक्त उलटा. सगळे नट डावखुरे. नावांच्या पाट्या उलट्या, त्या वाचायची आमच्यात शर्यत लागायची. खलनायक डाव्या हाताने पिस्तूल काढायचा आणि नायिका उजवा पदर घ्यायची. भाद्रपदातला वारा सुटला की पडद्याला पोट यायचं. नायकाचे गाल फुगायचे, मग एकदम आत जायचे. रडण्याच्या प्रसंगात हे झालं की मागची बाजू खदखदून हसायची आणि पुढच्या बाजूचे लोक "शूऽऽ" करायचे. एक सिनेमा मी पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर सरळ पाहिला तर मला तोच खोटा वाटला. आईच्या मांडीवर झोप लागायच्या आत रिळ बदलायला थांबायचे, तेव्हा शेंगांवाला पडद्याखालून वाकून इकडच्या बाजूला यायचा. त्याला दोन्ही बाजू सारख्याच.

हे कुठून कुठे गेलं. तर मी ४:३ ची निशाणी लावली, मेन्यूला अबोली रंग दिला, आठच्या वेगाने डिस्क जाळली, म्हणजे लिहिली (सोळाने जाळणारे लोक मला उतावळे वाटतात), मार्करने वर 'साठीशांत' लिहिलं आणि कोथरूडला गेले.

मावशीने ताटात चकती ठेवली. प्लेअर गरगरला, अबोली मेन्यू आला, आणि पंगत सुरू झाली. कडेपासून कडेपर्यंत ताणलेली. टीव्ही तसाच लावून ठेवलेला होता. काका म्हणजे काडीपैलवान माणूस, शेवटपर्यंत. इथे चांगले भरलेले, रुंद खांदे, गोल चेहरा. मी सवयीने रिमोट उचलला आणि बटण दाबलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मधे काका त्यांच्या मूळ मापात.

"अगं, अगं, काय केलंस? होतं तसं कर."

"मावशी, हे बरोबर आहे. आधीचं ताणलेलं होतं."

"असू दे. जन्मभर तूप वाढलं, ह्यांच्या कधी अंगी लागलं नाही. आता जरा लागल्यासारखं दिसतंय, तर तू बारीक करायला निघालीस!"

मी बटण परत दाबलं. काका पसरले. मावशीने पंगत पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.

निघताना म्हणाली, एक अमेरिकेलाही पाठव. तिकडचे टीव्ही-प्लेअर एनटीएससी या तिकडच्या पद्धतीचे, पाल चकती बहुतेक घ्यायचे नाहीत, म्हणजे मावसभाऊ ती कॉम्प्युटरवरच लावणार. आणि कॉम्प्युटर चकतीवरची निशाणी मुकाट्याने मानतो. त्या प्रतीत मी १६:९ लिहून टाकलं. काका तिकडेही भरलेलेच दिसतील. त्याच्या लॅपटॉपला चकती घालायची जागा आहे की नाही, ते मी विचारलेलं नाही.