टायसनच्या नावावर राहिलेली उधारी

"मामा, बॉक्सिंगमध्ये माइक टायसन ऑल टाइम ग्रेट. यात वादच नाही," भाचा परवा रात्री ताटावर बसता बसता म्हणाला. मी शेंगाचटणीवर दही घालत होतो. म्हटलं, "वाद नाही कसं बे? पस्तीस वर्षं मी स्वतःशीच घालायलोय की."

भाचा तेवीस वर्षांचा. त्यानं टायसन बघितला तो मोबाइलवर, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. त्या तुकड्यांत टायसन कधी दमत नाही, कधी मिठी मारून वेळ काढत नाही आणि हरत तर मुळीच नाही. समोरचा पडतो, तुकडा संपतो, पुढचा सुरू.

मी बघितला तो सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या बोळात, एका व्हिडिओ सेंटरमध्ये. १९८८ ची दिवाळी नुकतीच झाली होती, मी चौदा वर्षांचा. पत्र्याची शेड, खाली फाटकी सतरंजी, तिकीट दोन रुपये. दारातल्या फळीवर खडूनं लिहिलेलं, 'टायसनची फायटिंग'. कॅसेट किती हातांतून आली होती देव जाणे, चित्र सारखं वर सरकायचं आणि मालक टीव्हीच्या डोक्यात एक थाप घालायचा. लढत होती मायकेल स्पिंक्सशी, २७ जून १९८८, अटलांटिक सिटी. स्पिंक्स तोवर ३१ लढती खेळलेला आणि एकही न हरलेला. सुरुवातीला नुसती ओळखपाळख, झेंडे, गर्दी. कंटाळून आमच्यातला एकजण भजी आणायला गेला. तो कागदाचा पुडा घेऊन दारात आला आणि विचारतो, "चालू झाली का बे?"

संपली होती. ९१ सेकंद.

सगळ्यांनी पैसे परत मागितले. मालक हलला नाही. "फायटिंग दाखवतो म्हणलो, दाखवलो की! त्यो लवकर पडला तर मी काय करू?" शेवटी गलका फार झाला म्हणून त्यानं कॅसेट मागं घेऊन आणखी दोनदा दाखवली. म्हणजे ती लढत मी पहिल्याच दिवशी तीनदा बघितली. स्पिंक्स आधी बरगडीत ठोसा खाऊन गुडघ्यावर आला, तो उठला, आणि पुढच्याच झटक्याला आडवा झाला. मला मात्र लक्षात राहिले टायसनचे खांदे. दोन्ही मुठी गालांना चिकटवलेल्या, डोकं सारखं डावीउजवीकडं झुलतंय, आणि तो खाली बुडी मारून वर येतानाच हात सुटतोय. उंची पाच फूट दहा इंच. हेवीवेटात, म्हणजे सगळ्यात वजनदार गटात, ही उंची म्हणजे बुटकाच. लांब हातांच्या माणसाच्या आत शिरल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं, आणि आत शिरायची ती कला त्याला कस डमॅटो नावाच्या म्हाताऱ्या वस्तादानं पोरवयात शिकवलेली.

शिवाय तो रिंगमध्ये यायचा कसा, तर झगा नाही, पायात मोजे नाहीत, पुष्कळदा टॉवेलला मधोमध भोक पाडून तो गळ्यात अडकवलेला. आमच्या गल्लीत निम्मी घरं टॉवेलवर जगणारी. त्यामुळं तो टॉवेल सोलापुरातूनच गेला असणार यावर आमचं पोरांचं एकमत होतं. पुरावा कुणीच मागितला नाही.

भाच्याची बाजू कच्ची आहे असं समजू नका. २२ नोव्हेंबर १९८६ ला टायसननं ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडला लोळवलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. इतका लहान हेवीवेट विजेता त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. १९८७ च्या ऑगस्टपर्यंत तिन्ही मोठ्या बॉक्सिंग संघटनांचे जगज्जेतेपदाचे पट्टे त्याच्याकडं. नऊ वेळा किताब राखला. लॅरी होम्सला त्यानं जानेवारी १९८८ मध्ये चौथ्या राउंडला संपवलं. लोक म्हणतात होम्स ३८ वर्षांचा होता, थकला होता. असेल. पण होम्स ७५ लढती खेळला आणि त्या अख्ख्या कारकिर्दीत त्याला पूर्ण वेळेच्या आधी थांबवणारा माणूस एकच. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं आणि माझ्याच हातानं त्याचं पारडं जड केलं.

मग टोकियो. ११ फेब्रुवारी १९९०, रविवार. सोमवारी सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर नेल्सन मंडेला सुटल्याचा भलामोठा फोटो. मला मेली काय मंडेलांची किंमत! मी सरळ खेळाच्या पानावर गेलो आणि बातमी दोनदा वाचली, कारण नावं उलटसुलट छापली असणार अशी माझी खात्री होती. जेम्स 'बस्टर' डग्लस. लास व्हेगासातल्या सट्ट्यात ज्याच्यावर एकास बेचाळीसचा भाव होता, म्हणजे जो जिंकेल असं कुणाला वाटतच नव्हतं, तो. लढतीच्या तीनेक आठवडे आधी त्याची आई गेलेली. त्यानं टायसनला दहाव्या राउंडला झोपवलं.

आठव्या राउंडला डग्लसही पडला होता आणि पंचांनी सावकाश मोजलं, असा आरडाओरडा मग झाला, दोन संघटनांनी निकाल अडकवूनही ठेवला आणि चार दिवसांत सोडला. मीही शाळेत हेच सांगत हिंडायचो, पंचानं हरवलं म्हणून. पुष्कळ वर्षांनी पूर्ण लढत बघायला मिळाली आणि माझा आवाज बसला. डग्लस पहिल्या राउंडपासून त्याला लांब हातानं ठोकत होता. टायसनचा डावा डोळा सुजून मिटत आला होता, आणि त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांकडं सूज दाबायचं साधं लोखंडी साधनही नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. जगज्जेत्याच्या कोपऱ्यात! डमॅटो १९८५ लाच वारलेले, त्यांच्या तालमीतला शेवटचा प्रशिक्षक केव्हिन रूनी, त्याला टायसननं १९८८ ला काढलेला. डोकं झुलवणं, आत शिरणं, एकामागून एक ठोसे, सगळं गळून गेलं होतं. उरला होता तो एकच मोठा ठोसा मारायला टपलेला माणूस.

आणि तो दहावा राउंड. टायसन पाठीवर पडतो. उलटा होतो, हातापायांवर येतो आणि रांगत रांगत तोंडातून उडालेलं दातांचं रबर शोधतो. हातमोज्यानं ते धड उचलत नाही. कसंबसं तोंडात कोंबतो, तेही उलटंसुलटं, एक टोक ओठाबाहेर लोंबतंय. तसाच उठून उभा राहायला बघतो. त्याच्या सगळ्या नॉकआउटपेक्षा मला हे दृश्य मोठं वाटतं, हे भाच्याला पटलं नाही. पण तेवढ्यानं लढत जिंकता येत नाही.

आमचे आबा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, गिरणी गेल्यावर यंत्रमागावर. ते म्हणायचे, माग धाडधाड चालतोय तोवर कुणीही विणकर वाटतो, ताण्याचा धागा तुटल्यावर बघा. चांगला माणूस माग थांबवतो, तुटलेलं टोक हुडकतो, गाठ मारतो, फणीतून ओवून घेतो आणि पुढं चालू करतो. कापडावर बोट फिरवलं तरी कळत नाही. कच्चा माणूस तसाच रेटतो आणि पुढच्या वारभर कापडात रेघ पडते.

मी जॉबर झालो नाही, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आमच्याकडं माल किती उचलला यावर पार्टी मोठी ठरत नाही, वसुली कशी आहे यावर ठरते. तोच हिशेब मी भाच्यापुढं मांडला. ज्यानं तुला हरवलं त्याला परत गाठून तू वसुली केलीस का?

जो लुईसला मॅक्स श्मेलिंगनं १९३६ ला लोळवलं. लुईसनं १९३८ ला न्यूयॉर्कात त्याला पहिल्याच राउंडला, १२४ सेकंदांत झोपवलं. मुहम्मद अलीला जो फ्रेझरनं १९७१ ला हरवलं, अलीनं त्याला पुढं दोनदा हरवलं. केन नॉर्टनकडून हरला, त्याचंही खातं अलीनं तसंच चुकतं केलं. लेनॉक्स लुईस कारकिर्दीत दोघांकडून हरला, दोघांनाही परत बोलावून त्यानं हिशेब चुकता केला. टायसनच्या वहीत डग्लस? पुन्हा गाठच नाही. डग्लसनं त्याच वर्षी पट्टा इव्हँडर होलीफिल्डला घालवला. होलीफिल्डनं १९९६ ला टायसनला अकराव्या राउंडला थांबवलं. वसुलीची संधी आली २८ जून १९९७ ला, आणि तिथं यानं काय केलं, तर कान चावला. एकदा नाही, दोनदा. मग २००२ ला लेनॉक्स लुईसकडून आठव्या राउंडला. तिन्ही खाती उघडीच. आणखी एक, खाली पडून उठलाय आणि मग जिंकलाय, अशी टायसनची एकही लढत नाही.

भाचा गप्प बसणारा नाही. "मग जॉर्ज फोरमन? त्यानं अलीची कुठं वसुली केली?"

इथं मी अडकलो, कबूल करतो. फोरमन १९७४ ला किन्शासात अलीकडून हरला, परत गाठ पडली नाही. पण वीस वर्षांनी, १९९४ ला, ४५ व्या वर्षी, किन्शासातलीच लाल चड्डी घालून त्यानं मायकेल मूररला दहाव्या राउंडला झोपवलं आणि किताब परत आणला. ती वसुली धरायची की नाही? मी धरतो. भाचा म्हणाला, "सोयीनं धरताय तुम्ही." असेल.

"आणि जेलमध्ये ऐन उमेदीची तीन वर्षं गेली ते?"

अलीचीही साडेतीन वर्षं गेली होती, असं मी म्हणणार तेवढ्यात बायको भाकरी घेऊन बाहेर आली. "कशासाठी गेली तीन वर्षं? ते पण सांगा की पोराला." १९९२ ला इंडियानाच्या कोर्टानं टायसनला बलात्काराबद्दल दोषी ठरवलं, मुलगी अठरा वर्षांची होती. टायसन आजही नाकारतो, पण शिक्षा झाली ती झाली. अली व्हिएतनामच्या युद्धात जायला नाही म्हणाला म्हणून त्याची वर्षं गेली. या दोन रकमा एका रकान्यात लिहिता येत नाहीत. "महान म्हणे!" एवढं बोलून ती आत गेली, आणि बराच वेळ आम्ही दोघं नुसते भाकरी मोडत बसलो.

२०११ ला त्याचं नाव बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं, ते मला मान्य आहे. तिथं तो हवाच. पण जो लुईस, अली यांच्या ओळीत? नाही. पहिल्या दहात मी त्याला बसवत नाही. १९८६ ते १९८८ एवढीच वर्षं मोजायची असतील तर पहिल्या तिनात, आणि मग मी कुणाशीही भांडेन.

नोव्हेंबर २०२४ मध्ये यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलबरोबरची ती लढत झाली तेव्हाही भाचा आमच्याकडंच होता. शनिवारची सकाळ, विधानसभेचा प्रचार ऐन भरात, बाहेर रिक्षांचे भोंगे. आधी त्याच कार्यक्रमात आपला भारतीय बॉक्सर नीरज गोयत जिंकला म्हणून टाळ्या वाजवल्या. मग ५८ वर्षांचा टायसन आला. दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड. त्याचे सगळे मिळून अठरा ठोसे लागले. बाकी वेळ तो आपला हातमोजाच चावत होता. समोरच्या पोरानं शेवटी वाकून नमस्कार केला. मी मधेच उठून झाडांना पाणी घालायला गेलो. त्या दिवसाचा हिशेब मी त्याच्या खात्यात धरत नाही, हेही सोयीनंच.

परवा हात धुऊन आल्यावर भाच्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. "मामा, स्पिंक्सची लावू का? दीड मिनिटाचीच हाय."

"लाव," म्हटलं, "पण सुरुवातीपासून लाव. आणि कुणी भजी आणायला उठायचं नाही."

तीनदा बघितली.