मालकाचा दाखला

पेशंट सांभाळायचं काम करते म्हटलं की लोक विचारतात, नर्स का? नाही. मिरजेत एका दवाखान्यात आया होते, सिस्टरांच्या हाताखाली बघून बघून शिकले आणि मग घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घरोघरी ड्युट्या धरल्या. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. पेशंट घरी सोडला, की घरच्यांना बाई लागते. मुलं पुण्याला, सुना नोकरीला, मग ब्युरोला फोन. मी बेचाळीसची आहे, पण साठीच्या वहिनीसुद्धा मला मावशीच म्हणतात.

घरेलू कामगार म्हणून नोंदणी करायचं डोक्यात आलं ते २०२१ मध्ये. लॉकडाऊनला सरकारनं नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना १५०० रुपये दिले. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एकीच्या खात्यावर ते आले. मी त्याच दिवसांत कोविडमधून उठलेल्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ मास्क लावून बसलेली, आणि माझं नाव कुठल्याच यादीत नाही. १५०० म्हणजे काही फार नाहीत. पण यादीत नाही हे लागलं.

ऑगस्टमध्ये ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंदणी, सुरू झाली, ती लगेच केली. आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन केंद्रावर गेले, बारा आकडी नंबरचं कार्ड मिळालं. त्यावर महिन्याला पैसे येतात असं गावभर चाललेलं, तसं काही नसतं. बँकेत वर्षाला २० रुपये कापून घेणारा अपघात विमाही घेतला, दोन लाखांचा. पण तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. माणसं उचलून उचलून कंबर गेली तर ती त्यात बसत नाही, आणि आमच्यातल्या बायकांची कंबरच आधी जाते.

खरी नोंदणी म्हणजे घरेलू कामगार कल्याण मंडळाची. कायदा २००८ चा आहे. वय १८ ते ६० पाहिजे. बाळंतपणाला ५००० मिळतात, बाई गेली तर अंत्यविधीला घरच्यांना २०००, आणि नोंदणी जिवंत असेल तर ५५ पूर्ण झाल्यावर १०,००० सन्मानधन. आधार, रेशनकार्ड, फोटो, पासबुक, वयाचा दाखला हे सगळं घरात होतंच. अडलं ते मालकाच्या दाखल्यावर, म्हणजे ज्याच्या घरी काम करते त्यानं तसं सही करून लिहून द्यायचं, त्यावर.

ब्युरोत विचारलं. तिथं सांगितलं, "आम्ही माणूस पुरवतो फक्त. ठेवणारे ते, दाखला त्यांच्याकडनं घ्या." तेव्हा मी सांगलीत विश्रामबागेत एका आबांजवळ होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी, युरीन बॅग. आबांच्या मुलाला, म्हणजे दादांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, आम्ही तुम्हाला कुठं ठेवलंय? आम्ही पैसे ब्युरोला देतो." कमिशन कापायला ब्युरो मालक, सुट्टी नाकारायला घरवाले मालक, आणि सहीची वेळ आली की दोघंही हात वर करतात.

घरेलू कामगारांच्या संघटनेत एक ताई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कायद्यातलं वाक्य वाचून दाखवलं: थेट असो नाहीतर एजन्सीमार्फत, पूर्णवेळ असो नाहीतर थोडा वेळ, घरात मोबदल्यावर काम करणारी ती घरेलू कामगार. म्हणजे ज्या घरात काम, त्या घरानं लिहून द्यायला हरकत नाही. वर म्हणाल्या, "या दाखल्यावरनं कुणाच्या दारात पीएफवाले आलेले मी तरी बघितले नाहीत, हे त्यांना आधी सांग. भीती तीच असते."

भीती तीच होती. शिवाय दादांचं आणखी एक म्हणणं होतं, ते मला जास्त टोचलं. "चोवीस तास म्हणता, पण रात्री झोपताच की."

आबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. एकटीनं वळवायचं म्हणजे त्यांच्या खाली चौपदरी चादर घातलेली असते, ती अंगाजवळ मुठीत धरायची, गुडघे वाकवायचे आणि पाठीनं न ओढता पायांच्या जोरावर आपल्याकडे घ्यायचं. मग पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. नळीतून दूध दिल्यावर अर्धा तास डोकं उंच. डॉक्टरांनी वही ठेवायला लावली होती, तीत मी सगळं टाइम घालून लिहायची: ११ डावी कूस, १ उजवी कूस, ३ डावी कूस, बॅग रिकामी केली, ५ उजवी, टाच लाल दिसते.

ती वही मी दादांसमोर ठेवली. वाद घातला नाही, रात्रीची पानं तेवढी उघडून दिली. ते चष्मा लावून बराच वेळ वाचत बसले. वहिनी मागून म्हणाल्या, "टाच लाल झालीय हे मला मावशींनीच सांगितलं होतं." दादांनी लगेच सही केली असं नाही, ओळखीच्या वकिलाला फोन लावला, दोन दिवस तसेच गेले, मग केली.

दाखल्यात काय लिहायचं हे बऱ्याच जणी विचारतात. आमचा असा होता: "श्रीमती अमुक या अमुक तारखेपासून आमच्या घरी वृद्ध रुग्णाची देखभाल व अनुषंगिक घरकाम करतात." खाली नाव, पत्ता, फोन, सही. "घरकाम" हा शब्द ताईंनी मुद्दाम घालायला लावला. कार्यालयात खिडकीवर पहिला प्रश्न तोच आला: "नर्सिंगवाल्या इथं येत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, आबांचं अंथरूण मीच धुते, पेज मीच करते, खोली मीच पुसते. सर्टिफिकेट असतं तर दवाखान्यात नसते का?" त्यांनी दाखला पुन्हा वाचला आणि अर्ज घेतला. यथावकाश ओळखपत्र आलं.

आता एकच जपायचं, नूतनीकरण. ते चुकलं की नोंदणी नावापुरती राहते. आमची घरं तर सारखी बदलतात. पेशंट गेला की त्याच दिवशी ड्युटी संपते, रडायलाही वेळ नसतो, दुसरं घर. म्हणून पुढच्या घरी पहिल्याच आठवड्यात, सगळे गोड बोलत असतात तेव्हाच, दाखल्याचं काढायचं ठरवलंय.

आबा अजून आहेत. टाच बरी आहे. आठवड्याच्या सुट्टीचं मात्र लिहून मिळालेलं नाही. बदली बाईचे पैसे कोणी द्यायचे यावर ब्युरो आणि दादा यांचं अडलंय. वहिनी म्हणतात, दिवाळीनंतर बघू.