तुम्ही विचारलंत म्हणून: बायपासनंतर बाबा किती वर्षं काढतील?

"ताई, बाबांचं वय शहात्तर. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले, डॉक्टर बायपास करा म्हणून राहिले. या वयात छाती उघडायची, तर पुढे किती वर्षं मिळतील, सांगा ना."

नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधत असताना हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी गाठतोच. कधी छिंदवाड्याहून आलेला मुलगा विचारतो, कधी गोंदियाची सून, तर कधी आमच्याच बिल्डिंगमधले काकाजी "एका मित्रासाठी विचारून राहिलो" म्हणत स्वतःसाठी विचारतात. मी सर्जन नाही. बावीस वर्षं हार्टच्या वॉर्डात फिजिओथेरपी करते. त्यामुळे माझं उत्तर छातीपासून नाही, पायांपासून सुरू होतं.

विचारणारा बहुतेक वेळा मनमोहन सिंगांचं नाव काढतो, आणि उदाहरण खरंच जबरदस्त आहे. जानेवारी 2009 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये त्यांची बायपास झाली तेव्हा ते 76 वर्षांचे होते. तीही दुसऱ्यांदा, पहिली 1990 मध्ये झाली होती. त्यानंतर आणखी एक पूर्ण टर्म पंतप्रधानपद सांभाळून ते डिसेंबर 2024 मध्ये, 92 व्या वर्षी गेले. मी त्यावर मायकेल डीबेकींचं नाव काढते. अमेरिकेतले हे सर्जन महाधमनी फाटली म्हणून 2006 मध्ये, 97 व्या वर्षी टेबलावर गेले. ऑपरेशनची पद्धत त्यांचीच. पुढे दोन वर्षांहून जास्त जगले. धीर द्यायला ही नावं ठीक आहेत, पण तुमच्या बाबांचा हिशेब त्यांच्यावरून निघत नाही.

हिशेब साधारण असा असतो. म्हाताऱ्या माणसाचा धोका सुरुवातीच्या दिवसांत साचलेला असतो: न्यूमोनिया, किडनी, पक्षाघात, ठोके बिघडणं, आयसीयूत रात्री माणसं न ओळखणं. पहिले काही महिने निभावले की पुढची वाट ऐंशीतल्या पेशंटचीही बरीचशी त्याच वयाच्या इतर माणसांसारखी चालते, असं अनेक देशांतल्या नोंदींत दिसलंय. आपल्याकडे सत्तरी गाठलेल्याला पुढे सरासरी दहाहून थोडी जास्त वर्षं असतात. म्हणजे ऑपरेशन जादा वर्षं देत नाही. आजारानं खाल्ली असती त्यातली काही परत मिळवून देतं.

आणि नवीन जोडलेल्या नळ्या, म्हणजे ग्राफ्ट? पायातून काढलेल्या शिरांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद होतात. छातीच्या आतल्या धमनीचा ग्राफ्ट मात्र दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांत चालू असतो. म्हणून सर्जनला 'हृदयाच्या समोरच्या मोठ्या नळीला कोणता ग्राफ्ट लावणार?' एवढं जरूर विचारा. पन्नाशीतल्या माणसाला शिरेची चिंता जास्त. शहात्तरच्या माणसाची शीर आणि तो स्वतः, बहुधा बरोबरीनंच म्हातारे होतात.

मी पाहते ते वेगळं. माझ्या खोलीत एक बिनहाताची खुर्ची आहे. पेशंटला म्हणते, हात छातीवर बांधा आणि उठा. मग पाच मीटर चाला, नेहमीच्या चालीनं. पाच मीटरला सहा सेकंद किंवा जास्त लागले तर हार्टच्या ऑपरेशननंतर गुंतागुंतीचा धोका वाढलेला दिसतो, हे मोजलेलं आहे. वय दोघांचं सारखं, हृदयाचं पंपिंगही सारखं, पण जो खुर्चीतून झटकन उठतो त्याची मला कमी काळजी वाटते. हातात दोन-तीन आठवडे असतील, डॉक्टरांची ना नसेल, तर तेवढ्यातही पाय थोडे तयार करता येतात. फुफ्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्रही आधीच शिकवून ठेवते, कारण घरोघरी लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. दर दुसऱ्या घरात उलटं चाललेलं असतं, आणि मुलगा शेजारी उभा राहून "अजून जोरात, बाबा!"

सुट्टी झाल्यावर मात्र घरचेच आडवे येतात. "बाबांना उठू देऊ नका." छातीचं हाड जुळायला सहा-आठ आठवडे लागतात, तेवढे दिवस वजन उचलायचं नाही हे खरं. पण चालायचं नाही, असं कोणी सांगितलं? निरोगी म्हाताऱ्यांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले होते.

हे लोकांना सांगणारी मी, आणि माझ्याच घरी उलटं केलं. मामंजींची बायपास 73 व्या वर्षी झाली. मला ड्यूटी, नवऱ्याचा दौरा, म्हणून चोवीस तासांचा माणूस ठेवला. पाण्याचा ग्लाससुद्धा त्यानं हातात द्यायचा. तीन महिन्यांनी मामंजी कमोडवरून उठताना भिंत धरायला लागले, आणि मला ते एका सकाळी अचानक दिसलं. माणूस बंद केला. तरी पाय सुधारले ते माझ्या व्यायामांनी नाही. एक दिवस त्यांच्या पांढऱ्या बंडीवर, टाक्यांच्या बरोबर खाली, लाल तेलाचा डाग सापडला. रोज सकाळी मी निघाले की हे चौकापर्यंत चालत जाऊन तर्री पोहे खाऊन येत होते. जाऊन-येऊन दीड किलोमीटर. मी तर्री बंद केली, चालणं चालू ठेवलं. ते म्हणाले, तर्रीशिवाय चौकात काय काम? शेवटी रविवारची एक प्लेट मान्य झाली.

अकरा वर्षं काढली त्यांनी. हार्टनं नाही गेले. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, सोबत लघवीची गोळी. मध्यरात्री कुलरसमोरून उठले, बीपी उतरलं, पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि मग न्यूमोनिया. तेव्हापासून एप्रिल लागला की प्रत्येक जुन्या पेशंटला सांगते: गोळ्यांचा डोस उन्हाळ्यासाठी डॉक्टरांना पुन्हा विचारून घ्या, आणि उठताना आधी एक मिनिट पलंगाच्या काठावर बसा.

बाबांना घेऊन या सोमवारी, चारनंतर. व्हीलचेअर खालीच ठेवा, लिफ्टपासून माझी खोली वीस पावलं आहे. ती ते कशी चालतात, ते मला दारातून बघू द्या.