पाहुण्याने ‘पुरे’ कसे म्हणावे?

जेवणाचे आमंत्रण देणारा माणूस दिवस सांगतो, वेळ सांगतो, पत्ता समजावतो आणि तुम्ही काय खात नाही हेही अलीकडे आवर्जून विचारून घेतो. पण पोट भरल्यावर ते पाहुण्याने कसे कळवायचे, हे मात्र कोणीच सांगत नाही. परक्या देशात कोणाच्या घरी जेवायला जाण्यापूर्वी आपण जे नियम वाचून ठेवतो, ते बहुतेक उंबरठ्यापाशी संपतात. जर्मनीत दिलेल्या वेळेलाच दारात हजर असावे, फ्रान्समध्ये यजमानाला दहा-पंधरा मिनिटे सावरायला द्यावीत, रशियात फुले विषम संख्येनेच न्यावीत, कारण सम संख्येची फुले तिथे अंत्यविधीसाठी असतात. हे सगळे पाठ करता येते आणि चुकले तरी यजमान हसून सोडून देतो. खरी पंचाईत पानावर बसल्यानंतर सुरू होते.

ताट स्वच्छ करावे की थोडे ठेवावे, एवढ्या साध्या प्रश्नावरही जगाचे एकमत नाही. जपानमध्ये वाडग्यातले शेवटचे शीतही उचलणे हा रांधणाऱ्याचा मान समजतात. चीनमधल्या जुन्या रीतीनुसार मात्र रिकामे वाडगे म्हणजे पाहुणा अजून भुकेला आहे आणि आपण कमी पडलो, असा अर्थ होतो; साहजिकच यजमान आपल्या हाताने त्यात आणखी काहीतरी घालतो. ‘पानात टाकू नये’ हे लहानपणापासून ऐकत आलेला माणूस तिथे जेवायला बसला, तर तो संपवत राहतो आणि यजमान वाढत राहतो. दोघेही आपापल्या परीने अत्यंत सभ्यपणे वागत असतात आणि म्हणूनच कोणालाही थांबता येत नाही. चीनने 2021 मध्ये अन्नाची नासाडी रोखण्यासाठी कायदा केला आणि ग्राहकाला गरजेपेक्षा जास्त पदार्थ मागवायला लावणाऱ्या उपाहारगृहांना दंडाची तरतूदही केली; परंतु घरच्या यजमानाचा आग्रह कायद्याने कसा आवरणार?

इराणमध्ये पहिला नकार हिशेबातच धरत नाहीत. तिथल्या ‘तआरोफ’ या रिवाजानुसार यजमान विचारतो, पाहुणा नको म्हणतो, यजमान पुन्हा आग्रह करतो, पाहुणा पुन्हा संकोच करतो आणि तिसऱ्या खेपेला बहुधा ताट पुढे होते. बाहेरच्याला यात ढोंग दिसते, पण मला तसे वाटत नाही. एखाद्याने केवळ रीत म्हणून विचारले असेल, तर त्याला अपमानाशिवाय माघार घेता यावी आणि पाहुण्यालाही आपण हावरट ठरलो असे वाटू नये, याची ती सोय आहे. अडचण येते ती असा पाहुणा उत्तर युरोपातल्या घरी गेल्यावर. तिथे नको म्हणजे नकोच, दुसऱ्यांदा विचारणे ही उलट ढवळाढवळ मानली जाते. स्वीडनमध्ये खेळायला आलेल्या मुलाला जेवणाच्या वेळी टेबलावर बोलावत नाहीत, यावरून 2022 मध्ये समाजमाध्यमांवर जगभर केवढा गहजब झाला होता. त्या मुलाच्या घरीही स्वयंपाक झालेला असेल, त्यांचा बेत आपण का बिघडवावा, असा त्यावर अनेक स्वीडिश लोकांचा खुलासा होता. तो मला पटला नाही, पण त्यात कंजूषपणा होता असेही म्हणवत नाही.

‘पुरे’ म्हणण्याची सर्वांत सुटसुटीत पद्धत मला अरबी कॉफीच्या बैठकीत दिसते. वाढणारा डाव्या हातात लांब चोचीची किटली आणि उजव्या हातात बिनकानाचे छोटे पेले घेऊन येतो आणि पेल्याच्या तळाशी दोन-तीन घोटांपुरतीच कॉफी ओततो. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे ‘प्या आणि निघा’ अशी सूचना समजली जाते. उजव्या हाताने घेतलेला पेला रिकामा करून नुसता पुढे धरला की तो पुन्हा भरतो आणि मनगटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवला की वाढणारा तो परत घेतो. आर्जव नाही, शपथा नाहीत, पोटावर हात फिरवणे नाही. ही कॉफी म्हणजे औदार्याचे प्रतीक, असे म्हणून युनेस्कोने 2015 मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. माझ्या मते त्या हलत्या पेल्याचा वेगळा उल्लेख करायला हवा होता.

याच्या अगदी उलट इथिओपियातला ‘गुर्शा’. तिथे जवळीक दाखवण्यासाठी शेजारचा माणूस आपल्या हाताने घास करून थेट तुमच्या तोंडात देतो, त्यामुळे नकार देण्यासाठी तोंड मोकळेच राहत नाही.

मी स्वतः यजमान असतो तेव्हा दोनदा विचारतो, मग भांडे पाहुण्याच्या हाताशी ठेवतो आणि बोलणे दुसरीकडे वळवतो. ज्याला हवे असते तो सावकाश डाव उचलतो, नको असते त्याची सुटका होते. इराणी पाहुण्याला मात्र तिसऱ्यांदा विचारावेच लागते.