खुनी माहीत असूनही पुन्हा काय बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न दर वेळी साधारण असाच येतो: एवढे नावाजलेले रहस्यपट पडलेत, ते सोडून मोनोग्राम या हॉलिवूडमधल्या छोट्या कंपनीच्या त्या स्वस्तातल्या, तासाभरात आटपणाऱ्या खून-आणि-विनोद सिनेमांत तुम्हाला काय दिसतं? आणि तेही खुनी कोण हे पाठ असताना? विचारणाऱ्याच्या आवाजात हल्ली थोडी काळजीसुद्धा ऐकू येते.

एकाच सिनेमावरून सांगते, म्हणजे लांबण लागणार नाही. ‘अप इन द एअर’, साल १९४०, दिग्दर्शक हॉवर्ड ब्रेदरटन. एका रेडिओ केंद्रात तालीम चालू असताना रीटा विल्सन नावाची तोऱ्यात वावरणारी गायिका गोळी लागून मरते. पोलीस येतात, दिसेल त्याच्यावर संशय घेतात. केंद्रात फ्रँकी नावाचा पेजबॉय आहे. गणवेश घालून चिठ्ठ्या पोहोचवणं, सांगेल त्याचं सांगेल ते काम करणं ही त्याची नोकरी. पोलिसांना काही जमत नाही असं म्हणून तो स्वतःच तपासाला लागतो. सोबत झाडूपोछा करणारा जेफ, ज्याला या भानगडीत अजिबात पडायचं नाही. शिवाय स्वागतकक्षात बसणारी अ‍ॅन आहे, तिला गायिका व्हायचंय, आणि फ्रँकीचं अर्धं लक्ष खुन्यापेक्षा तिची वर्णी लावण्यात गुंतलेलं. रहस्य म्हणून एवढंच. कथानक पातळ आहे, हे मी भांडल्याशिवाय कबूल करते.

पण ते पातळ का आहे, हे बघण्यात मजा आहे. तीसच्या दशकात अमेरिकन थिएटरांत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत पडली. पहिला मोठ्या नटांचा, दुसरा भरतीचा. पहिल्याचं भाडं गल्ल्याच्या टक्केवारीवर ठरे. दुसऱ्याला ठरावीक रक्कम मिळे. म्हणजे मोनोग्रामसारख्या कंपनीला आपला सिनेमा किती कमावणार हे शूटिंगच्या आधीच जवळपास ठाऊक असायचं. कितीही उत्तम केला तरी मिळकत वाढत नाही. वाढतो फक्त खर्च. मग मोजके दिवस, मोजके सेट, मोजके कपडे.

माझ्या मते हौशी गुप्तहेर इथूनच येतो. खरा पोलीस अधिकारी नायक केला की त्याला कचेरी हवी, गाडी हवी, रात्रीचा पाठलाग हवा. श्रीमंत हौशी हेर घेतला तर त्याचा बंगला उभा करा. पेजबॉय मात्र आयताच त्या इमारतीत असतो. कुठल्याही खोलीत शिरला तरी कुणी हटकत नाही, आणि त्याच्यासमोर माणसं नको ते बोलतात, कारण तो त्यांच्या हिशेबात नसतोच. फ्रँकीचं काम करणारा फ्रँकी डॅरो आणि जेफ झालेला मँटन मोरलँड, याच जोडीच्या ‘आयरिश लक’मध्ये (१९३९) डॅरो हॉटेलातला बेलबॉय आहे, ‘ऑन द स्पॉट’मध्ये (१९४०) सोडा फाउंटनवरचा, म्हणजे सोडा-सरबताच्या काउंटरवरचा पोरगा. दर वेळी हाताखालचा माणूस, आणि दर वेळी सगळं त्यालाच दिसतं. निर्मात्याने हे काही सामाजिक भान म्हणून केलं असेल असं मला वाटत नाही. पैसे वाचवताना हाती लागलं असावं.

रेडिओ केंद्राची निवडही तशीच धूर्त. स्टुडिओ म्हटला की रिकामी खोली, एक मायक्रोफोन, एक काच. खऱ्या केंद्रातही याहून फार काही नसतं. गरिबी तिथे गरिबी वाटतच नाही.

फ्रँकी डॅरो हा मूळचा सर्कशीतल्या कसरतपटूंचा मुलगा, १९१७ सालचा. बुटका, चपळ, सतत तोंड चालू. १९३३ मध्ये दिग्दर्शक विल्यम वेलमनच्या ‘वाइल्ड बॉइज ऑफ द रोड’मध्ये त्याने मंदीत घरदार सोडून मालगाड्यांतून भटकणारा मुलगा असा उभा केला होता की हा मोठा नट होणार असं वाटावं. उंचीने घात केला म्हणा, नशिबाने म्हणा, तिशीकडे झुकला तरी पोरगेल्या भूमिकाच वाट्याला आल्या. त्याच १९४० साली डिस्नेच्या ‘पिनोकिओ’त गाढव होणाऱ्या व्रात्य लॅम्पविकला आवाज त्याचाच. एकाच वर्षात हॉलिवूडच्या महागड्या टोकाला आणि स्वस्त टोकाला हजर असणारे नट किती असतील?

पण मी पुन्हा पुन्हा बघते ती जेफसाठी, म्हणजे मँटन मोरलँडसाठी. लुइझियानातला हा कृष्णवर्णीय विनोदी नट रंगमंचावर तयार झालेला. पटकथेने त्याला दिलंय काय? भित्रा, डोळे गरागरा फिरवणारा नोकर, त्या काळच्या गोऱ्या प्रेक्षकांना हवा तसा साचा. त्याने त्या साच्यात वेळ साधण्याचं असं काही कसब ओतलंय की दृश्यातला शहाणा माणूस तोच वाटतो. खून झालेल्या ठिकाणाहून लांब राहावं, हे त्याचं म्हणणं मुळात चुकीचं कुठे आहे? डॅरो उत्साहाने वाक्य फेकतो, मोरलँड क्षणभर थांबतो, आणि हसू त्या थांबण्यात असतं. घाईघाईत, बहुधा पहिल्याच टेकला उरकलेल्या सिनेमात हा माणूस निवांत आहे.

याच सिनेमात फ्रँकी कृष्णवर्णीय दिसण्यासाठी तोंडाला काळं फासून जेफबरोबर विनोदी जोडी म्हणून आपली कला दाखवतो. आज ते बघवत नाही, आणि ‘तेव्हा चालायचं’ म्हणून मी ते झाकणारही नाही. शेजारी खराखुरा विनोदवीर उभा असताना दुसऱ्याने त्याचा रंग उसना घ्यावा, आणि दोघांमध्ये कोण सरस हे कॅमेऱ्याला लख्ख दिसावं, हा प्रकार मला दर वेळी अस्वस्थ करतो.

पुढे चिनी-अमेरिकन गुप्तहेर चार्ली चॅनच्या सिनेमालिकेतला ड्रायव्हर बर्मिंगहॅम ब्राउन म्हणून मोरलँड गाजला. त्यातल्या ‘द स्कार्लेट क्लू’त (१९४५) त्याची आणि बेन कार्टरची एक जुगलबंदी आहे: कुणीच वाक्य पुरं करत नाही, समोरचा अर्ध्यावर तोडतो, आणि तरी दोघांना सगळं कळतं. पन्नासच्या दशकात असल्या भूमिका लोकांना नकोशा झाल्या, ते योग्यच होतं. पण त्यांच्याबरोबर मोरलँडचं कामही आटलं. मग १९५७ मध्ये ब्रॉडवेवर सॅम्युअल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक सगळे कृष्णवर्णीय नट घेऊन झालं, त्यात वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक, एस्ट्रागॉन, कोण? हाच. ज्याने आयुष्यभर अर्धवट वाक्यांवर हशा घेतला त्याला बेकेट अवघड गेला नसावा.

‘फडतूस’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६० चा आपला ‘ब्रेथलेस’ याच मोनोग्राम पिक्चर्सला अर्पण केलाय.

बघायचा असेल तर इंटरनेटवर सापडेल. प्रिंट फारशी चांगली नसते, आवाजात खरखर असते. खुनी कोण ते मी सांगत नाही. मध्यंतर असतं तर त्याच्या आधीच तुम्ही ओळखला असता. तेव्हा तिकडे लक्ष न देता जेफ दारात उभा राहून आत जायचं टाळत असतो, ते बघा.