भांडुपचे खाजण: जाण्याआधी तिथी पाहा

पौष वद्य तृतीया. भांडुप पूर्वेला द्रुतगती महामार्गाकडून पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने सकाळी आठला आत शिरलो. दिवस मुद्दाम निवडलेला. तिथीची पाऊणपट केली की मुंबई किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: तृतीयेला पहाटे सव्वादोन. पुढे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठला, ओहोटी. ठाणे खाडीत आत पाणी उशिरा उतरते, म्हणून अर्धा-पाऊण तास जास्त धरा. पौर्णिमेच्या उधाणाचा जोर दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे तृतीयेलाही चिखल लांबवर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला पाणी ना धड चढते, ना धड उतरते. तेव्हा जाऊ नका.

मिठागरांच्या बांधालगतचा उंच पट्टा बहुतेक जण न पाहताच पुढे जातात. इथे पाणी फक्त उधाणाला येते. मग उन्हाने ते आटते आणि मीठ मागे राहते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या मातीतल्या पाण्यात उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त साठतात. तिवर हे खारफुटीचे झाडही इथे खुरटते. टिकतात ती मोरस आणि धापा, दोन्ही मांसल पानांची. क्षार पानात साठवून ती पाणी धरून ठेवतात. पाऊस संपून जमीन तापू लागली की मोरस लालसर होते.

हातभर खाली उतरलात की तिवर दाट होते. त्याचे पान उन्हात निरखा, ग्रंथींतून बाहेर टाकलेले मिठाचे कण दिसतील. चिखल वरून करडा, पण बोटभर खाली काळा असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे प्राणवायू नसतो. जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणून तर श्वसनमुळे वर येतात. त्यांवर पाय देऊ नका. खेकड्यांच्या बिळांच्या कडा मात्र तांबूस दिसतात, कारण तिथून हवा आत जाते.

फिडलर खेकडे आणि निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) पाहायच्या तर बांधावर पाच-दहा मिनिटे अजिबात न हलता उभे राहा. सावली हलली की सगळे बिळात.

फ्लेमिंगोंसाठी वेगळे गणित. पूर्ण ओहोटीला ते दूर पाण्याच्या कडेला असतात, पूर्ण भरतीला चिखल बुडाल्याने उठून जातात. पाणी चढू लागल्यावर दोन-तीन तासांनी ते जवळ सरकतात. साधारण डिसेंबर ते मे हा हंगाम. होडीतून पाहायचे तर पलीकडे ऐरोलीला जा. तिथल्या फेऱ्याही भरतीवरच ठरतात.

बांध सोडू नका. उघड्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि गमबूट आतच अडकतो. पाय रुतलाच तर वर ओढू नका, मागे बसा आणि टाच हलवत राहा. हवा शिरली की पकड सुटते. लेसचे बूट, लांब बाह्या, डासांचे मलम, माणशी दोन लिटर पाणी घ्या. सावली कुठेच नाही. प्रवेशाचे नियम बदलतात, निघण्याआधी चौकशी करा.