येते हं

2023 च्या ऑगस्टअखेरीस आम्ही पुण्याहून बर्लिनला आलो, तेव्हा मुलगी सव्वातीन वर्षांची होती. नवऱ्याची नोकरी आधीच ठरलेली होती आणि त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, असल्यामुळे, पत्नी म्हणून येताना मला जर्मनच्या परीक्षेची अट नव्हती. ही सवलत मी तेव्हा आनंदाने घेतली आणि पुढचा हिवाळाभर तिची किंमत मोजली.

सुरुवातीच्या कागदपत्रांविषयी इतक्या जणांनी लिहिले आहे की मी त्यात भर घालत नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र न्यायचे, मग कर क्रमांकाच्या पत्राची वाट पाहायची, हा क्रम कोणालाच चुकत नाही. भाड्याच्या पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटा, कपाटे आणि शेगडी आपली आपण आणून बसवायची असतात, एवढे मात्र कोणी आधी सांगायला हवे होते. आम्ही पहिले तीन आठवडे स्टुलावर ठेवलेल्या विजेच्या शेगडीवर वरणभात केला.

मला लिहायचे आहे ते किटाविषयी, म्हणजे इथल्या बालवाडीविषयी. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून वर्षावरच्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि बर्लिनमध्ये तिचे शुल्कही नाही. जेवणाचे महिना 23 युरो तेवढे आम्ही भरतो. हक्क असणे आणि घराजवळ जागा रिकामी असणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने आम्हाला जागा मिळेपर्यंत ऑक्टोबर संपत आला. गोवराच्या लशीचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेश होत नाही, हा 2020 पासूनचा कायदा आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी हाताने भरलेले लसीकरणाचे पुस्तक मी शेवटच्या क्षणी हातातल्या पिशवीत टाकले होते, ते इथे पासपोर्टाइतकेच कामी आले. सोबत आणायच्या वस्तूंची यादी निराळीच होती: घरात घालायच्या सपाता, गमबूट, बदलायचे कपडे आणि चिखलात लोळण्यासाठी खास रबरी विजार.

मुलाला किटात रुळवण्याची इथे एक ठरलेली पद्धत आहे. ती 1980 च्या दशकात याच शहरात तयार झाली, म्हणून तिला बर्लिन पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आईने किंवा वडिलांनी मुलासोबत तासभर तिथे बसायचे, पण खेळात पडायचे नाही. मूल घाबरून आले तर जवळ घ्यायचे, एवढेच. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जायचे, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तो दिवस सोमवार नसावा, कारण शनिवार-रविवार घरी राहिलेल्या मुलाला सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात वाटते. मूल पहिल्या काही मिनिटांत शांत झाले नाही तर आईला परत बोलावतात. मग मुलाच्या कलाने वेळ वाढवत न्यायची. हे सगळे ऐकून नवरा म्हणाला की ऑफिसने त्याला पहिल्या दिवशी लॅपटॉप देऊन जागा दाखवली आणि दहा वाजता मीटिंगला बसवले.

मी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवशी मुलगी शिक्षिकेजवळ जाऊन घाईने 'शू' म्हणाली. जर्मनमध्ये बुटाला शू म्हणतात, आणि उच्चारात तिळमात्र फरक नाही. शिक्षिकेने हसून तिचे बूट आणले आणि खाली बसून नीट घालू लागली. मध्ये पडू नये हा नियम आठवत मी क्षणभर गप्प राहिले, आणि त्या एका क्षणात व्हायचे ते झाले. त्यानंतर शिक्षिकेने कागद-पेन आणून मला चौदा मराठी शब्द विचारले आणि रोमन लिपीत लिहून भिंतीवर चिकटवले: पाणी, भूक, दुखतंय, झोप, आई आणि सगळ्यांत वर शू. उलट बाजूचा घोटाळा सौम्य होता. जर्मनमध्ये होकाराला 'या' म्हणतात, त्यामुळे शिक्षिका कोणालाही होकार देऊ लागली की आमची मुलगी बोलावल्यासारखी उठून तिच्याकडे चालत जाई. तिने शिक्षिकेच्या नावाला 'ताई'ही जोडून टाकले होते. नावापुढे लागलेले हे शेपूट काय आहे, असे त्या बाईंनी मला हातवारे करून विचारले. इथे मुले शिक्षिकांना नुसत्या नावाने हाक मारतात, ते माझ्या कानांना अजून जड जाते.

कोपऱ्यात बसून माझेही शिक्षण झाले. हात धुवा, थांबा, पसारा आवरा, ही वाक्ये मी दिवसातून वीसदा ऐकत होते. चार वर्षांच्या एका मुलाने जेवणाच्या टेबलाशी माझी शब्दांची लिंगे सुधारली: चमचा तो, काट्याचा चमचा ती आणि सुरी ते. तीन लिंगे आपल्या भाषेतही असल्यामुळे आपल्याला धक्का बसत नाही, फक्त सुरी कोणत्या आधारावर नपुंसक झाली हे समजत नाही. त्याच दिवसांत मुले सेंट मार्टिन या ख्रिस्ती संताच्या 11 नोव्हेंबरच्या मिरवणुकीसाठी कागदाचे कंदील करत होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 तारखेला होते, आणि सगळी किटा आपल्या दिवाळीचे आकाशकंदील करते आहे याविषयी आमच्या मुलीच्या मनात शंका नव्हती. मीही ती निर्माण केली नाही.

चौथा दिवस गुरुवार होता. पुण्यात प्लेग्रुपच्या पहिल्या दिवशी तिथल्या ताईंनी मुलीला कडेवर घेऊन मला डोळ्यांनी खूण केली होती, आणि तिचे लक्ष माशांच्या काचपेटीकडे आहे असे पाहून मी मागच्या दाराने सटकले होते. रिक्षात बसेपर्यंत तिचे रडणे ऐकू येत होते. आपल्याकडे बहुतेकांनी हे असेच केलेले असते, आणि त्यात क्रूरपणा आहे असे कोणाला वाटतही नाही. इथे नेमकी तीच गोष्ट निषिद्ध होती. मुलाच्या डोळ्यांत पाहून आपण जात आहोत हे सांगायचे, परत येऊ हेही सांगायचे, आणि मग ते रडले तरी दारात रेंगाळायचे नाही.

मी तिच्यासमोर बसले आणि 'मी जाते' हे शब्द तोंडातून निघेनात. आमच्या घरात दार ओलांडताना 'जाते' म्हटलेले आजीला चालत नसे. भाजी आणायला निघालेल्या माणसानेही 'येतो' म्हणूनच निघायचे. लहानपणापासून हा शब्द मी अपशकुनाच्या भीतीने वापरत आले होते. निरोप आणि परत येण्याचे वचन, दोन्ही त्या एका शब्दात आहेत, हे तिथे बसून पहिल्यांदा लक्षात आले. मी 'येते हं' म्हटले आणि उठले. ती रडली. बाहेरच्या बाकावर मी सात मिनिटे बसले, समोर मुलांचे कोट अडकवायच्या खुंट्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक चित्र होते. आमच्या खुंटीवर गोगलगाय होती. आठव्या मिनिटाला रडणे थांबले. मला कोणी बोलावले नाही.

चौथ्या आठवड्यात ती दुपारी तिथेच झोपू लागली आणि माझी खुर्ची सुटली. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, आणि दिवसभर रिकाम्या घरात मला नेमके काय करायचे हे ठाऊक नव्हते. जानेवारीत मी लोकांसाठीच्या सरकारी प्रौढशाळेत जर्मनच्या पहिल्या पायरीच्या वर्गाला नाव घातले. वर्ग संध्याकाळचा होता. पहिल्या दिवशी मुलगी बाबांबरोबर ठोकळे रचत होती, तिचा खेळ मोडू नये म्हणून मी आवाज न करता कोट घातला आणि एक बूट चढवला. ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू सांगितलं नाहीस."

मी तशीच एक बूट घातलेल्या पायाने खाली बसले आणि तिच्याकडे पाहून म्हटले, "येते हं."

"या," ती म्हणाली आणि ठोकळ्यांकडे वळली.